पुढचा पेशंट

“मग आता मी जेवले तर चालंल ना?”

आजींनी हे विचारलं तेव्हा साडेचार वाजून गेले होते. हर्नियाचं ऑपरेशन, लिस्टवर शेवटचं नाव. आदल्या रात्री वॉर्डात वरणभात खाल्लेला, त्यानंतर पोटात अन्न नाही आणि सकाळपासून पाण्याचा घोटही नाही. कवळी काढून सुनेच्या रुमालात बांधून दिलेली, म्हणून बोलताना तोंडावर हात. अंगात हिरवा गाऊन, बांगड्यांवर चिकटपट्टी, मनगटाला सलाइनची सुई. ओटीबाहेरच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेरच्या, बाकावर त्या दुपारपासून तशाच बसून होत्या. आज तुमचं होणार नाही, वेळ संपली, आता पुढच्या मंगळवारी, हे सांगायला मी, त्यांची भूलतज्ज्ञ, गेले होते. मुलगा आवाज चढवेल अशी मनाची तयारी केली होती. तो टेम्पो चालवतो, खाडा करून आला होता. तोही काही बोलला नाही. आजींनी फक्त जेवणाचं विचारलं, मी हो म्हटलं, आणि सुनेनं पिशवीतून डबा काढला. इतक्या तासांच्या उपाशी माणसाला आपण काहीही न करता परत पाठवतोय आणि तो आपली परवानगी मागतोय, हे मला फार लागलं.

त्या दिवशी कुणी कामचुकारपणा केला असता तर निदान राग काढायला माणूस मिळाला असता. पण तसं काहीच घडलं नव्हतं. पित्ताशयाचं ऑपरेशन आमच्या सर्जन सरांनी नेहमीपेक्षा लवकर संपवलं होतं. सिस्टर सकाळपासून उभ्या होत्या, मावशींचा डबा तीन वाजता उघडला होता, मी स्वतः उभ्या उभ्या बिस्किटं खाल्ली होती. रात्री झोप येईना म्हणून मी दिवस उलटा आठवत गेले. पहिली केस नऊला सुरू व्हायची, ती पावणेदहाला झाली, कारण उपचारखर्चाच्या सरकारी योजनेची मंजुरी आली नव्हती आणि मग लिस्टचा क्रम बदलला. दुसऱ्या आणि तिसऱ्या केसच्या मध्ये जवळजवळ तास गेला. तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये चाळीस मिनिटं. ऑपरेशनं वेळेत झाली होती. दिवस गेला तो ऑपरेशनांच्या मधे.

या मधल्या वेळेबद्दल बाहेर कुणाला फारसं ठाऊक नसतं, आणि आत असलेल्यांनाही ती वेळ म्हणून दिसत नाही. शेवटचा टाका पडला की सर्जन हातमोजे काढतात, त्यांच्या दृष्टीनं केस संपते. माझी तेव्हा कुठे संपायला लागलेली असते. भुलीचा वायू बंद करायचा, स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा उतारा द्यायचा, पेशंट स्वतःचा श्वास स्वतः घेतोय ना ते बघायचं. भुवया हलतात, गिळल्याची हालचाल होते. “काका, डोळे उघडा. हात दाबा माझा.” हात दाबला जातो, कधी इतका घट्ट की माझी बोटं दुखतात. मग श्वासाची नळी काढायची, घशातला स्राव ओढून घ्यायचा, खोकला ऐकायचा. तो ओला, रागावलेला खोकला ऐकून मला आजही हायसं वाटतं. तोवर सिस्टर अवजारं मोजत असतात, ट्रेमध्ये स्टीलवर स्टील आपटल्याचा आवाज, “आर्टरी सहा, अॅलिस चार...” आणि जमिनीवर अंथरलेल्या कापडावर रक्त टिपायला वापरलेले मॉप (कापडी घड्या) पाच-पाचच्या ओळीत मांडलेले. मोजून झाले की रक्ताचे बोळे पिवळ्या पिशवीत, नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. हिरव्या चादरींचं बोचकं कोपऱ्यात. स्राव ओढणाऱ्या सक्शन यंत्राची बाटली रिकामी होते. मावशी टेबल पुसतात, मग टेबलाचे पाय, मग फरशी, आणि जंतुनाशक हायपोक्लोराइटचा तो नाकात चढणारा वास खोलीभर पसरतो. फरशी वाळावी लागते. ओली असताना ट्रॉली आणली तर ती ओढणाऱ्या मामांचा पाय घसरतो, हे आम्ही पाहिलेलं आहे.

आणि नेमके तेव्हाच मामा नसतात. ते आधीच्या पेशंटला खाली वॉर्डात सोडायला गेलेले असतात, आमची एकुलती एक ट्रॉली घेऊन, एकाच लिफ्टनं.

म्हणजे ओटी स्वच्छ, अवजारं मांडलेली, मी इंजेक्शनं भरून उभी, सर्जन चहा संपवून दारात, आणि पुढचा पेशंट दुसऱ्या मजल्यावर. फोन केला की वॉर्डातल्या सिस्टर सांगतात, “पाठवते, पण मामा आले नाहीत.” मामा तेव्हा लिफ्टच्या दाराशी उभे असतात. कधी पेशंट येतो तेव्हा कन्सेंटवर, म्हणजे संमतिपत्रावर, नातेवाइकाची सही राहिलेली असते आणि नातेवाईक रक्तपेढीत गेलेला असतो. कधी सगळं येतं आणि दुर्बिणीचा सेट अजून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात, असतो. आमच्याकडे दोनच सेट. १२१ अंशांवर, १५ पाउंड दाबाखाली १५ ते २० मिनिटं, असं पुस्तकात असतं. पण वाफ भरायचा, वाळायचा आणि गार व्हायचा वेळ धरला की तास कसा गेला कळत नाही. दार उघडल्यावर निर्जंतुकीकरणाच्या खुणेच्या टेपवरचे पट्टे काळे झालेले दिसले की तेवढ्यापुरतं समाधान. अशा दिवशी खोलीत सहा-सात शिकलेली माणसं एका ट्रेची वाट बघत उभी असतात. कुणाचंच काही चुकत नाही आणि बाहेर बाकावर कुणीतरी उपाशी बसलेलं असतं.

रेसिडेन्सीत, म्हणजे शिकाऊ डॉक्टर असताना, आमच्या ओटीच्या इन्चार्ज सिस्टर मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेल्या होत्या. बुटक्या, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत, आवाज कधी न चढवणाऱ्या. संध्याकाळी आम्ही सगळे पळायच्या घाईत असायचो तेव्हा त्या दुसऱ्या दिवशीची लिस्ट हातात घेऊन कपाटापुढे बसायच्या. प्रत्येक केसचा सेट वेगळा बांधायचा, वर पेशंटचं नाव आणि क्रम लिहायचा, आणि त्याच क्रमानं रॅकवर खालून वर लावायचे. कुठल्या सर्जनला कुठला धागा लागतो, कोण डावखुरा आहे, कोणाला ऐन वेळी जखम उघडी धरणारा मोठा रिट्रॅक्टर आठवतो, सगळं त्यांच्या डोक्यात. मी एकदा विचारलं, सिस्टर, हे सकाळी केलं तर नाही का चालणार? त्या म्हणाल्या, “डॉक्टर, एक भाकरी तव्यावर असताना दुसरी थापून झालेली पाहिजे. तवा मोकळा झाल्यावर पीठ मळायला घेतलं तर घर जेवणार कधी?” त्यांच्या ओटीत कुणी धावताना दिसायचं नाही. आणि लिस्ट संपायची. मला तेव्हा वाटायचं ही त्यांची शिस्त. ती तितकीच आदल्या संध्याकाळची मेहनतही होती, आणि ती कुठल्या रजिस्टरात येत नव्हती, हे लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाबद्दल तर सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ साली ११ खाटांवर सुरू केलं ते. एका परिषदेच्या निमित्तानं तिकडे गेले तेव्हा काचेतून त्यांची ओटी पाहायला मिळाली. एका सर्जनसाठी दोन टेबलं शेजारी शेजारी, मध्ये सूक्ष्मदर्शक. या टेबलावरचा मोतीबिंदू झाला की सूक्ष्मदर्शकाचा हात पलीकडे फिरतो, आणि तिथला पेशंट डोळा स्वच्छ करून, कापड अंथरून तयार असतो. सर्जन जागचे उठत नाहीत. मी मात्र सर्जनकडे कमी आणि मुलींकडे जास्त बघत होते. आसपासच्या खेड्यांतून निवडलेल्या, दोन वर्षं तिथंच शिकवून तयार केलेल्या मुली. एकीनं पेशंटला हाताला धरून टेबलापर्यंत आणलं, दुसरीनं ट्रे उघडला, तिसरी आधीच्या पेशंटची पट्टी लावत होती. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. तिथल्या निम्म्याहून जास्त रुग्णांचे उपचार मोफत किंवा नाममात्र दरात होतात, ते या हातांच्या जोरावर. परतताना गाडीत एक सहकारी म्हणाले, हे डोळ्यांचं आहे म्हणून जमतं. ते खरंच आहे. डोळ्याला जागेवरची भूल पुरते, पेशंट स्वतःच्या पायांनी येतो आणि जातो. आतड्याच्या ऑपरेशनला, मणक्यातल्या भुलीला, फुटलेल्या मांडीच्या हाडाला ते तसंच्या तसं लावता येत नाही. पण ‘आपल्याकडे जमणार नाही’ म्हणून आम्ही त्यातलं जे जमण्यासारखं होतं तेही तिथंच सोडून आलो, याचं मला वाईट वाटतं. पुढच्या माणसाची तयारी आधीच्या माणसाचं काम चालू असताना करायची, इतकं तर कुठेही जमावं. ब्रिटनमध्ये ओटीला लागून भूल द्यायची वेगळी खोलीच असते. आमच्याकडे तेवढी जागा नाही, पण रिकव्हरीतला, म्हणजे ऑपरेशननंतर पेशंट ठेवायच्या खोलीतला, एक कोपरा नक्की आहे.

शंभर वर्षांपूर्वी फ्रँक गिलब्रेथ नावाच्या अमेरिकन माणसानं गवंड्याच्या हातांचा अभ्यास केला. एक वीट लावायला १८ हालचाली होत होत्या, त्या त्यानं ५ च्या आसपास आणल्या. मग तो कॅमेरा घेऊन ऑपरेशन थिएटरात गेला. सर्जननं मान वळवून अवजार शोधत बसू नये, हात पुढे करावा आणि नर्सनं ते तळहातावर ठेवावं, हे त्यानं मांडलं. आज ते इतकं अंगवळणी पडलंय की कुणाच्या तरी डोक्यातून ते निघालं असेल असं वाटतही नाही. मला त्यातलं आवडतं ते हे की त्यानं गवंड्याला ‘भरभर हात चालव’ असं सांगितलं नाही. विटा त्याच्या कमरेच्या उंचीवर आणून ठेवायची सोय केली, म्हणजे वाकणंच वाचलं. आमच्याकडे वेळ वाचवायची मीटिंग होते तेव्हा सूर असतो ‘सगळ्यांनी जरा लवकर लवकर करा’. मावशी लवकर म्हणजे काय करणार? फरशी अर्धी पुसणार?

या मधल्या वेळेत अशीही मिनिटं आहेत ज्यांना मी कुणाला हात लावू देणार नाही.

मॉपचा हिशेब लागत नसेल तर तो लागेपर्यंत थांबायचं. भुलीच्या यंत्राची तपासणी, ऑक्सिजनचा सिलिंडर, सक्शन, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा, प्रत्येक पेशंटआधी. आणि सुरक्षित शस्त्रक्रियेची ती चेकलिस्ट. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ती आणली, त्या कामाचं नेतृत्व अमेरिकन सर्जन डॉ. अतुल गावंडे यांच्याकडे होतं. त्यांचे वडील मूळचे आपल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. १९ मुद्दे, तीन थांबे: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी, पेशंट बाहेर नेण्याआधी. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीचंही एक होतं, ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. नाव विचारायचं, बाजू विचारायची, अॅलर्जी विचारायची, अँटिबायोटिक दिलं का ते विचारायचं. हे सगळं दोन मिनिटांत होतं, आणि घाईच्या दिवशी पहिली कात्री याच दोन मिनिटांना लागते, कारण ती वाचवायला लिफ्ट लागत नाही. तरुण रेसिडेंट ‘हो हो, झालंय’ म्हणत सही करायला लागला की मी पेन काढून घेते. पेशंट जागा असताना त्याच्या तोंडून त्याचं नाव ऐकायचं, हे मला भुलीच्या औषधाइतकंच गरजेचं वाटतं.

आणखी एक थांबणं आहे, त्याचा कुठल्या चेकलिस्टमध्ये उल्लेख नाही. खूप वर्षांपूर्वी अपघाताची एक केस टेबलावरच दगावली. तरुण मुलगा होता. रक्त चढवत होतो त्याच्या दुप्पट वेगानं जात होतं. सगळं संपल्यावर सर बेसिनपाशी नळ सुरू ठेवून उभेच राहिले, हात कधीच धुऊन झाले होते. बाहेर लिस्ट थांबलेली. फोन वाजला, पुढचा पेशंट कधी पाठवू? इन्चार्ज सिस्टरनी फोन घेतला, “थोड्या वेळानं” इतकंच म्हणाल्या, ठेवला, आणि दार लावून घेतलं. मावशींनी मुलाचं अंग पुसलं, केस नीट केले. कुणीतरी चहा आणला. मग आम्ही पुढची केस घेतली, आणि ती नीट झाली. तो वेळ वाया गेला असं मला कुणी कागदावर दाखवलं तर मी त्याच्याशी भांडेन. पण त्या दिवशीही लिस्टच्या शेवटी कुणीतरी असणार, आणि त्याचंही ऑपरेशन राहिलं असणार. ही दोन्ही माणसं मला एकाच वेळी डोळ्यांसमोर येतात आणि त्यांच्यात निवड करता येत नाही. म्हणून तर बाकीचा वाया जाणारा वेळ मला जास्त खुपतो. जिथं थांबायलाच हवं तिथं थांबता यावं म्हणून जिथं थांबायचं कारण नाही तिथला वेळ हातात राहिला पाहिजे.

आजी परत गेल्या त्यानंतर मी मामांशी बोलले. चहाच्या टपरीवर, मुद्दाम ओटीबाहेर. मामा गेली कित्येक वर्षं ट्रॉली ओढताहेत. मी विचारलं, मामा, पेशंट यायला इतका वेळ का लागतो? त्यांनी जरासा विचारही केला नाही. “मॅडम, बारा ते एक लिफ्ट आपली नसतेच. वॉर्डाच्या जेवणाच्या गाड्या असतात, शिवाय भेटायला येणाऱ्यांची वेळ. बाराच्या आत पुढचे दोघं वर आणून ठेवले तर दुपारी खोळंबा होणार नाही.” मग कधी सांगितलं नाहीत? “विचारलं कुठं कोणी?” ते हे तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत, पण मला त्यांच्याकडे बघवेना. इतक्या मीटिंगा झाल्या, सर्जन, भूलतज्ज्ञ, मेट्रन, अधीक्षक सगळे बसले, आणि त्यात ना मामा, ना मावशी. या मधल्या वेळेत प्रत्यक्ष काम करतात ते हेच दोघे.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात हृदयाच्या ऑपरेशननंतर बाळाला अतिदक्षता विभागात सोपवताना गोंधळ होई. तिथल्या डॉक्टरांनी फेरारीच्या शर्यतीतल्या पिट क्रूकडून, म्हणजे गाडी थांबताच चाकं बदलणाऱ्या चमूकडून, ते शिकून घेतलं, आणि २००७ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. वाचताना मी एका साध्या गोष्टीपाशी अडले. तेव्हा शर्यतीत गाडी थांबली की फलक घेतलेला एक माणूस पुढे उभा असायचा, त्याच्या इशाऱ्याशिवाय गाडी हलायची नाही. रुग्णालयात तसं कोण आहे, याचं उत्तर कुणापाशी नव्हतं. मग ती जबाबदारी भूलतज्ज्ञाला दिली गेली. आमच्या ओटीत ऑपरेशन सर्जनचं असतं, भूल माझी असते, अवजारं सिस्टरची, वॉर्ड वॉर्डचा. दोन ऑपरेशनांच्या मधला वेळ कुणाचाच नसतो. तो मी माझा म्हणून घ्यायचं ठरवलंय. कुणी दिलेला नाही, पण कुणी हरकतही घेतलेली नाही.

आता सर्जन आतला थर शिवायला लागले की मी वॉर्डाला फोन करते. पुढचा पेशंट रिकव्हरीतल्या कोपऱ्यात येतो, कागद तिथंच तपासले जातात, सुई तिथंच लागते. सर म्हणतात अजून आधी बोलव, थेट दारात आणून ठेव. ते मी करत नाही. आधीच्या पेशंटची नळी निघेपर्यंत माझं लक्ष दुसऱ्या माणसात वाटलं जाऊ नये, आणि आत चाललेला खोकला, ओरडा दारातल्या माणसाच्या कानावर पडू नये. यावर आमचं अजून एकमत नाही. चाळीस मिनिटांचे अंतर पंचवीसवर आले तर पाच केसच्या लिस्टमध्ये चार अंतरांतून तासभर निघतो. मोठं ऑपरेशन त्यात बसत नाही. एक हर्निया बसतो.

पण मला वाचलेल्या तासापेक्षाही दुसरं काही हवंय. भुलीआधी सहा तास अन्न नको, हे खरं. पाणी, साखरपाणी, दूध न घातलेला चहा मात्र दोन तास आधीपर्यंत चालतो, हे मार्गदर्शक सूचनांमध्ये कित्येक वर्षांपासून लिहिलेलं आहे. तरी आम्ही लिस्टमधल्या सगळ्यांनाच मध्यरात्रीपासून कोरडं ठेवतो, पहिल्या नंबरलाही आणि शेवटच्यालाही, कारण कुणाचा नंबर कधी लागेल हे आम्हालाच सांगता येत नाही. लिस्टचा भरवसा आला तर दुपारी दोनच्या पेशंटला अकरा वाजता ग्लासभर साखरपाणी निर्धास्त देता येईल. वॉर्डातल्या सिस्टरना हे पटवायला वेळ लागतोय. त्यांची भीती रास्त आहे. केस अचानक आधी घेतली आणि पोटात पाणी असलं तर बोलणी त्यांना बसतात. म्हणून सध्या वेळ मी लिहून देते, सहीसकट, आणि त्या वेळेच्या आधी तो पेशंट घेत नाही.

ट्रॉलीचं मात्र अजून व्हायचंय. दुसरी एक स्टोअरमध्ये पडून आहे, पुढचं एक चाक निखळलेलं. दुरुस्तीचा अर्ज देऊन झालाय, आणि मामा म्हणतात बाजारपेठेतल्या वेल्डिंगवाल्याकडे दोनशे रुपयांचं काम आहे. सोमवारी अधीक्षकांना भेटणार आहे. परवानगी मिळाली तर मामाच ती घेऊन जाणार आहेत.